डेन्मार्कचा झेंडा खरंच आठशे वर्षांचा आहे का?

एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: शाळेत राष्ट्रध्वजांचं प्रदर्शन भरवायचंय आणि प्रत्येक झेंड्याखाली तो कधीचा हे लिहायचंय. डेन्मार्कचा झेंडा १२१९ सालचा, म्हणून जगातला सर्वांत जुना, असं बहुतेक ठिकाणी सापडतं. मग कुठे ऑस्ट्रियाचं नाव येतं, कुठे स्कॉटलंडचं, ते का? आणि आपला तिरंगा या रांगेत अगदीच पोरसवदा ठरतो का?

संग्रहालयांच्या पाट्या तपासायच्या आणि लोकांनी आणून दिलेले जुने झेंडे पाहून ते कधीचे असतील ते सांगायचं, हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. म्हणून आधी सरळ उत्तर देतो आणि मग त्यामागची भानगड. आज वापरात असलेल्या राष्ट्रध्वजांत डेन्मार्कचा नमुना सर्वांत जुना मानायला हरकत नाही. पण १२१९ हे साल दंतकथेतलं आहे. हाताशी असलेला रंगीत पुरावा चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, आणि तिथल्या सामान्य माणसाला तो झेंडा आपल्या दारात राजरोस उभारता यायला लागला १८५४ मध्ये. तिरंग्याचं म्हणाल, तर अमेरिकेच्या आजच्या झेंड्यापेक्षा तो तेरा वर्षांनी मोठा आहे.

म्हणजे एकाच कापडाला तीन-तीन जन्मतारखा. नमुना कधीचा, तो राजाचा होता की देशाचा, आणि कायद्याने कधी ठरला, यांपैकी तुम्ही काय मोजता त्यावर उत्तर बदलतं. नुसतं ‘सर्वांत जुना’ लिहिलेली पाटी माझ्याकडे आली तर मी ती परत पाठवतो.

डेन्मार्कची दंतकथा झकास आहे. राजा दुसरा वाल्डेमार १५ जून १२१९ रोजी, आज जिथे एस्टोनियाची राजधानी तालिन आहे तिथे, स्थानिक बिगरख्रिस्ती टोळ्यांशी लढत होता. आर्चबिशप आंदर्स सुनेसन हात वर करून प्रार्थना करत होते. हात वर असेपर्यंत डेन्मार्कची सरशी, हात थकून खाली आले की पीछेहाट. अगदी हरायची वेळ आली तेव्हा आभाळातून पांढऱ्या क्रूसाचा तांबडा झेंडा खाली आला आणि लढाईचं पारडं फिरलं. १५ जून हा दिवस डेन्मार्कमध्ये अजूनही वाल्डेमारच्या नावाने पाळतात, झेंडे लावतात.

आता पुरावा बघू. लिव्होनियाचा हेन्री म्हणून एक पाद्री त्या वेळी हयात होता, त्याच मुलखात वावरत होता आणि त्याने या लढाईचं वर्णन लिहून ठेवलं आहे. त्यात झेंडा नाही. देवाची कृपा दाखवणारा प्रसंग हातचा सोडणारा हा लेखक नव्हे. आभाळातून खरंच काही पडलं असतं तर त्याने पानंच्या पानं भरली असती. झेंड्याची कथा लिखित स्वरूपात दिसते ती थेट सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे तीनशे वर्षांनी. बखरी वाचायची सवय असलेल्या मराठी वाचकाला याचं नवल वाटू नये. घटना आणि तिची कथा यांत जितकं अंतर, तितके तपशील जास्त ठाशीव होत जातात.

खरा धागा हाती लागतो तो एका हस्तलिखितात. आजच्या नेदरलँड्समधल्या गेल्डर्सच्या ड्यूकच्या पदरी क्लास हाइनेनझोन नावाचा माणूस होता. कोणत्या राजाची, कोणत्या सरदाराची ढाल कशी, शिरस्त्राणावर काय, हे ओळखणं हा त्याचा पेशा. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने युरोपातल्या शेकडो घराण्यांची चिन्हं रंगवून एक वही केली. ती आज ब्रसेल्सच्या रॉयल लायब्ररीत आहे. तिच्यात डेन्मार्कच्या राजाचं चित्र येतं. ढालीवर एकाखाली एक तीन सिंह, वर शिरस्त्राण, आणि त्याच्या बाजूला एक इवलासा तांबडा झेंडा, त्यावर पांढरा क्रूस. चित्रात झेंडा दुय्यम आहे, मुख्य गोष्ट ढाल. त्या काळी राजाची ओळख ढालीने व्हायची आणि झेंडा हे तिच्याच परिवारातलं एक निशाण होतं. डेन्मार्क देशाचा असा कुठला झेंडा असावा ही कल्पनाच तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हती.

प्रत्यक्ष कापडाचं काय झालं, तीही गंमत ऐका. १५०० मध्ये डेन्मार्कचा राजा हान्स आजच्या उत्तर जर्मनीतल्या दिथमार्शनच्या शेतकऱ्यांवर चालून गेला आणि हेमिंगश्टेटच्या चिखलात सपाटून मार खाऊन परतला. त्या गडबडीत झेंडाही गेला. पुढे १५५९ मध्ये डेन्मार्कचाच राजा फ्रेडरिक दुसरा याने तो मुलूख जिंकला तेव्हा झेंडा परत मिळवला आणि श्लेस्विगच्या कॅथीड्रलमध्ये टांगून ठेवला. आभाळातून पडलेला तो हाच, अशी तेव्हा लोकांची समजूत होती. आज त्याचा मागमूस नाही. त्यामुळे ‘१२१९ चा मूळ झेंडा’ असा फोटो कुठे दिसला, तर खुशाल पुढे सरका.

अठराव्या शतकात, १७४८ मध्ये, व्यापारी जहाजांनी कोणत्या मापाचा झेंडा लावायचा ते ठरलं. शेपट नसलेला आयताकृती झेंडा व्यापाऱ्यांचा, दोन शेपटांचा सरकारचा. जमिनीवर मात्र तो राजाचा आणि सैन्याचाच राहिला. १८३४ मध्ये तर खासगी माणसांनी झेंडा लावायला बंदी घातली गेली. मग श्लेस्विगवरून १८४८ ते १८५० असं युद्ध झालं, गावागावांत सैनिकांच्या स्वागताला लोकांनी झेंडे लावले, बंदी कुणी मनावरच घेईना, आणि १८५४ मध्ये ती अधिकृतपणे उठली. आज तिथे वाढदिवसाच्या केकवरसुद्धा झेंडे टोचतात.

आपल्याकडचा इतिहास थोडाफार असाच आहे, हे मुलांना जरूर सांगा. वर्षभर कोणत्याही दिवशी तिरंगा लावायची मुभा सामान्य नागरिकाला मिळाली ती २६ जानेवारी २००२ पासून, नवी ध्वजसंहिता लागू झाल्यावर. त्याआधी मोजके राष्ट्रीय दिवस सोडले तर घरावर झेंडा लावणं नियमात बसत नव्हतं. नवीन जिंदाल यांनी आपल्या कारखान्यावर झेंडा लावण्यावरून न्यायालयात दाद मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये मानाने झेंडा लावणं हा नागरिकाचा अभिव्यक्तीचा हक्क असल्याचा निकाल दिला. झेंडा राज्याकडून लोकांकडे जायला डेन्मार्कला शतकं लागली, आपल्याला अर्धशतक.

ऑस्ट्रियाचं नाव येतं ते लाल-पांढऱ्या-लाल पट्ट्यांमुळे. गोष्ट अशी सांगतात की ११९१ मध्ये, धर्मयुद्धांच्या काळात, अक्का शहराच्या वेढ्यात ऑस्ट्रियाचा ड्यूक लिओपोल्ड पाचवा याचा पांढरा अंगरखा रक्ताने भिजला आणि कंबरपट्टा सोडला तेव्हा मधला पट्टा तेवढा पांढरा राहिला. यालाही त्या काळचा आधार नाही. आडव्या पट्ट्याची ढाल ऑस्ट्रियाच्या फ्रेडरिक दुसरा या ड्यूकच्या १२३० च्या शिक्क्यावर दिसते. पण शिक्का मेणाचा. मेणावर पट्टा उमटतो, रंग उमटत नाही. म्हणून १२३० हे साल लिहायचं तर पट्ट्यापुढे लिहा, रंगापुढे नको. शिवाय मधल्या काळात तिथे राज्य करणाऱ्या हॅब्सबर्ग घराण्याचं निशाण काळं-पिवळं होतं. लाल-पांढरं-लाल १७८६ मध्ये आरमारासाठी घेतलं गेलं, देशाचा झेंडा झालं १९१८ मध्ये प्रजासत्ताक आल्यावर, १९३८ मध्ये जर्मनीने देशच गिळल्यावर उतरलं, आणि १९४५ मध्ये पुन्हा चढलं. रंगांची परंपरा जुनी, पण सलग वापर म्हणाल तर नाही.

स्कॉटलंडच्या निळ्यावरच्या पांढऱ्या तिरप्या क्रूसाला ८३२ सालची दंतकथा जोडली आहे. पुन्हा लढाई, पुन्हा आभाळात क्रूस. पक्का कागद आहे तो १३८५ चा: सैनिकांनी पुढे-मागे सेंट अँड्र्यूचा पांढरा क्रूस लावावा, असा तिथल्या संसदेचा हुकूम. झेंडा म्हणून तो नंतरचा. आणि १७०७ नंतर स्कॉटलंड स्वतंत्र राज्य नाही, म्हणून सार्वभौम देशांच्या यादीत तो बसत नाही. यादी करणाऱ्याने ‘राष्ट्र’ कुणाला म्हटलं यावर हे अवलंबून.

आता मुद्द्याची गोष्ट. राष्ट्रध्वज राजवाड्यात किंवा रणांगणावर जन्मला असं आपल्याला वाटतं; माझ्या मते तो जहाजाच्या डोलकाठीवर जन्मला. जमिनीवर लढणारा सरदार कोण हे त्याच्या आसपासच्यांना माहीत असायचं. समुद्रात दोन कोसांवरून येणारं गलबत कुणाचं, त्याला सलामी द्यायची, जकात मागायची की तोफ डागायची, हे कापडावरूनच ठरायचं. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचा राजा एक झाल्यावर पहिल्या जेम्सने १२ एप्रिल १६०६ रोजी दोन्ही क्रूस एकत्र केलेला झेंडा जाहीर केला, तो जहाजांसाठीच. आयर्लंडचा तांबडा तिरपा क्रूस त्यात १८०१ मध्ये आला. ब्रिटनचा तो राष्ट्रध्वज आहे असं सांगणारा कायदा मात्र कधीच झाला नाही. वहिवाटीने झाला, इतकंच.

स्पेनचं उदाहरण तर प्रदर्शनात असायलाच हवं. अठराव्या शतकात बूर्बाँ घराण्याची माणसं स्पेन, फ्रान्स, नेपल्स, पार्मा अशा कितीतरी गाद्यांवर होती आणि सगळ्यांच्या जहाजांवर पांढरं निशाण. वारा पडला, कापड लोंबकळलं, की कोण कुणाचं कळायचं नाही. चार्ल्स तिसरा याने आपल्या नौदलाच्या मंत्र्याकडून बारा नमुने मागवले आणि १७८५ मध्ये लांबून ठळक दिसणारे लाल-पिवळे पट्टे निवडले. आजचा स्पेनचा झेंडा तो हाच. जमिनीवरच्या सैन्याला तो १८४३ मध्ये मिळाला. जपानमध्येही तसंच: अमेरिकी युद्धनौका येऊन धडकल्यावर परक्यांची आणि आपली जहाजं ओळखू यावीत म्हणून शोगुनच्या, म्हणजे तिथल्या लष्करी शासकाच्या, सरकारने १८५४ मध्ये जपानी जहाजांना पांढऱ्यावर लाल सूर्याचं निशाण लावायला सांगितलं. २७ फेब्रुवारी १८७० च्या फर्मानाने तो व्यापारी जहाजांचा झेंडा झाला. राष्ट्रध्वज म्हणून कायदा झाला १३ ऑगस्ट १९९९ रोजी, तोही शाळांमधला झेंडा आणि राष्ट्रगीत यांवरून बरीच वर्षं वाद धुमसल्यानंतर. त्याच वेळी झेंड्याचं प्रमाण ७:१० चं २:३ झालं आणि काठीकडे किंचित सरकवलेला सूर्य बरोबर मध्यावर आला. आता सांगा, जपानच्या झेंड्याखाली कोणतं साल लिहाल? मी १८७० आणि १९९९ दोन्ही लिहितो.

अमेरिकेचा १४ जून १७७७ चा ठरावसुद्धा नौदल समितीच्या कामकाजात येतो. तेरा लाल-पांढरे पट्टे, निळ्या चौकोनात तेरा तारे. तारे कसे मांडायचे हे त्यात नाही, म्हणून जो तो आपल्या मनाने मांडायचा. गोलात, रांगेत, मोठ्या ताऱ्याच्या आकारात. माप आणि मांडणी नक्की झाली १९१२ मध्ये. आणखी एक गोष्ट सुरत-मुंबईच्या इतिहासाशी नातं सांगते. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा झेंडा असायचा आणि कोपऱ्यात इंग्लंडचा क्रूस, १७०७ नंतर ब्रिटनचा जोडक्रूस. अमेरिकी बंडखोरांनी १७७६ च्या सुरुवातीला उभारलेला झेंडा जवळपास असाच दिसतो. उचलला कंपनीकडूनच का, हे सिद्ध झालेलं नाही. पण दोन्ही चित्रं शेजारी ठेवा, मुलं आपणहून बोलायला लागतील.

जुनं कापड काय काय सांगतं याचा नमुना पाहायचा तर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात १८१४ मध्ये ब्रिटिशांच्या तोफा झेलणाऱ्या फोर्ट मॅकहेन्री या किल्ल्यावर फडकलेला झेंडा आहे. मेरी पिकर्सगिल या बाईने आदल्या वर्षी तो शिवला. ३० फूट उंच, ४२ फूट लांब. पट्ट्यांचं कापड विरळ विणीचं लोकरी, म्हणजे वारा आरपार जातो आणि भिजलं तरी लवकर वाळतं, तारे सुती. त्यावर पंधरा पट्टे आणि पंधरा तारे आहेत, कारण दोन नवीन राज्यं आल्यावर १७९५ पासून ताऱ्यांसोबत पट्टेही पंधरा करायचं ठरलं होतं. असं चाललं तर झेंड्याची सतरंजी होईल हे लक्षात आल्यावर १८१८ मध्ये पट्टे पुन्हा तेरावर आणले. आज तो झेंडा ३४ फूटच लांब उरला आहे. तोफगोळ्यांनी तेवढा फाटला असं पाहणाऱ्यांना वाटतं. बराचसा भाग ज्यांच्या घरात तो होता त्यांनीच कापून-कापून आठवण म्हणून वाटला. एक तारासुद्धा त्यातच गेला. जुन्या वस्तूंवर प्रेम करणारे लोक त्यांचं किती नुकसान करतात, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

हाच झेंडा राज्य वाढलं की बदलत गेला. पन्नास ताऱ्यांचा आजचा नमुना ४ जुलै १९६० पासूनचा. तिरंगा २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने स्वीकारला आणि त्यात एक रेघ हललेली नाही.

फ्रान्सचा तिरंगा १५ फेब्रुवारी १७९४ चा, तोही आधी आरमाराचा. मात्र १८१५ मध्ये राजे परत आले आणि त्यांच्यासोबत पांढरा झेंडा आला. निळा-पांढरा-लाल परतला १८३० च्या क्रांतीत. १८७० नंतर पुन्हा राजा बसवायची तयारी झाली होती. संसदेत राजेशाहीवाल्यांचं बहुमत, वारस ठरलेला: काउंट ऑफ शाँबोर. पण त्याने हट्ट धरला की झेंडा पांढराच हवा, पूर्वजांचा. तिरंगा सोडायला सेनापती तयार नाहीत, पांढरा सोडायला हा तयार नाही. झेंड्यापायी गादी गेली आणि फ्रान्स प्रजासत्ताक राहिलं. झेंडा म्हणजे नुसतं कापड, असं म्हणणाऱ्याला मी हे सांगतो. आणि बारकावा हवा असेल तर: फ्रेंच नौदलाच्या झेंड्याचे पट्टे सारखे नसतात. ३०, ३३, ३७ अशा प्रमाणात काठीपासून टोकाकडे रुंद होत जातात, कारण फडफडणारं टोक डोळ्याला अरुंद दिसतं.

नेदरलँड्सचा पट्ट्यांचा झेंडा याहून जुना, सोळाव्या शतकातला, पण सुरुवातीला वरचा पट्टा केशरी होता. सतराव्या शतकात तो लाल झाला. केशरी रंग समुद्रावर टिकत नसे असं एक कारण देतात, ऑरेंज घराण्याशी बिनसलेलं राजकारण हे दुसरं. लाल की केशरी याचा कायमचा निकाल लागला १९३७ मध्ये, राणीच्या हुकमाने.

मग आपल्याकडे काय होतं? भगवा होता, जरीपटका होता. ‘अटकेपार झेंडे’ आपण आजही लावतो. पण जरीपटका कुणाच्या स्वारीबरोबर आहे यावरून ती स्वारी कोणाच्या अधिकाराने निघाली हे कळायचं. तो छत्रपतींच्या सत्तेचा मान होता. त्याला राष्ट्रध्वजांच्या यादीत ओढून नेणं म्हणजे त्याच्यावर परकं माप लादणं. आकारही पाहा. आपल्याकडे पताका त्रिकोणी किंवा दोन शेपटांची असते. वारीत, देवळावर, गडावर. आजच्या राष्ट्रध्वजांत हा वळणाचा आकार फक्त नेपाळने टिकवला. दोन त्रिकोणी पताका एकावर एक, तो प्रकार तिथे जुनाच. १६ डिसेंबर १९६२ च्या संविधानाने त्याची भूमितीय रचना पायरी-पायरीने लिहून दिली आणि चंद्र-सूर्यांची तोंडं काढून टाकली. दहावीच्या वर्गाला कंपास घेऊन तो काढायला सांगा, भूमितीचा तास सत्कारणी लागेल.

गोव्याचं उदाहरण मला फार आवडतं. पोर्तुगीज सत्ता तिथे १५१० पासून १९६१ पर्यंत, साडेचारशे वर्षं. १९ डिसेंबर १९६१ रोजी पणजीत उतरला तो हिरवा-लाल झेंडा मात्र जेमतेम पन्नास वर्षांचा. १९१० मध्ये लिस्बनमध्ये राजेशाही उलथली आणि १९११ मध्ये नव्या प्रजासत्ताकाने तो स्वीकारला. त्याआधीचा निळा-पांढरा होता. मात्र त्याच्या मध्यावरचा सोनेरी कड्यांचा खगोल हा राजा पहिला मानुएल याचं चिन्ह, आणि अल्बुकर्कने गोवा घेतला तेव्हा गादीवर तोच होता. कापड पन्नास वर्षांचं, त्यावरचं चिन्ह साडेचारशे वर्षांचं. आता या झेंड्याचं वय एका आकड्यात सांगून दाखवा.

आता तिरंग्याकडे. लोक माझ्याकडे घरातल्या पेटीत सापडलेले झेंडे घेऊन येतात आणि सांगतात, ‘हा बेचाळीसचा आहे, आजोबांनी लपवून ठेवला होता.’ मी आधी मधे काय आहे ते बघतो. अशोकचक्र असेल तर तो जुलै १९४७ च्या आधीचा असू शकत नाही. चरखा असेल तर पट्ट्यांचा क्रम बघायचा. वरून पांढरा, हिरवा, लाल आणि तिन्हींवर पसरलेला चरखा, हा १९२१ नंतरचा नमुना. नागपूरच्या १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात माणसं ज्याच्यासाठी तुरुंगात गेली तो झेंडा हा. केशरी वर, मधे पांढऱ्यावर चरखा, खाली हिरवा, हा ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईच्या काँग्रेस महासमितीच्या बैठकीत ठरलेला. त्याच वर्षी नेमलेल्या सात जणांच्या ध्वज समितीने, जिच्यात काकासाहेब कालेलकर आणि डॉ. ना. सु. हर्डीकर होते, अख्खा केशरी झेंडा सुचवला होता. तो मान्य झाला नाही.

मग कापड. हाताची वीण की गिरणीची, टाके हाताचे की शिलाई यंत्राचे, धागा सुती की नायलॉनचा. नायलॉन बाजारात आलं १९३९ च्या सुमारास, त्यामुळे मूळ शिवणीतच नायलॉनचा धागा निघाला की विसाच्या दशकाची गोष्ट संपली. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरला की काही पांढरे पट्टे निळसर चमकतात. ही चमक दुसऱ्या महायुद्धानंतर साबण-पावडरींत आणि कापडांत आलेल्या रसायनांची. फक्त इथे घाई करायची नाही. जुना झेंडा कुणीतरी प्रेमाने नव्या पावडरीत धुतलेला असतो आणि मग तोही चमकतो. म्हणून शिवणीच्या आत दुमडलेला, पाण्याशी कमी संबंध आलेला भाग बघायचा.

चरखा जाऊन चक्र आलं त्याचं एक कारण निव्वळ कारागिरीचं आहे आणि नेहरूंनी २२ जुलैच्या भाषणात ते सांगितलंही: झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला हवा. चरख्याला एका बाजूला चाक, दुसऱ्या बाजूला चाती. मागून पाहिलं की उलटा. चाक कुठूनही चाकच. त्याआधीचा झेंडा प्रत्यक्ष पाहायचा तर पुण्यात केसरीवाड्यात जा. मादाम कामांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीत श्टुटगार्टला समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत फडकवलेला झेंडा तिथे आहे, मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वंदे मातरम्’. तो इंदुलाल याज्ञिकांनी भारतात आणला. आणि भारतीय मानकांची यादी काढलीत तर पहिल्या क्रमांकाचं मानक, आयएस १, हे राष्ट्रध्वजाचंच आहे: ३:२ चं प्रमाण, ६३०० बाय ४२०० मिलिमीटरपासून १५० बाय १०० पर्यंत नऊ मापं, चक्राला २४ आरे. मराठवाड्यात नांदेडला खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात. सहल न्यायची तर ती जागा चांगली आहे. पॉलिस्टरच्या आणि यंत्रावर तयार केलेल्या झेंड्यांना मुभा मिळाली डिसेंबर २०२१ मध्ये. मला स्वतःला खादीचाच आवडतो, पण पॉलिस्टरचा लावणाऱ्याला कमी देशभक्त समजू नये.

जगाच्या रांगेत तिरंगा कुठे, तर बराच पुढे. संयुक्त राष्ट्रांचे मूळ सदस्य ५१ होते, आज १९३ आहेत. बहुसंख्य देश आणि त्यांचे झेंडे १९४५ नंतरचे. एकट्या १९६० मध्ये आफ्रिकेतले १७ देश स्वतंत्र झाले. कॅनडाचं मेपलचं पान १९६५ चं, दक्षिण आफ्रिकेचा आजचा झेंडा १९९४ चा.

तुमच्या पाट्यांसाठी माझी सूचना एवढीच: प्रत्येकीवर दोन ओळी ठेवा, एक नमुन्याची आणि एक कायद्याची. डेन्मार्कखाली ‘नमुन्याचा पुरावा: चौदावं शतक, नागरिकांना परवानगी: १८५४’, आणि दंतकथा हवी तर तिरक्या अक्षरात खाली, १२१९ सकट. भारताखाली २२ जुलै १९४७ लिहा. १५ ऑगस्ट बरेच जण लिहितात, ते चूक. पाटी झेंड्याच्या खाली लावा, तिरंग्यावर कोणतीही अक्षरं लिहायला किंवा छापायला संहितेत मनाई आहे. स्वित्झर्लंडचा आणि व्हॅटिकनचा झेंडा चौरस असतो, सगळ्यांना एका मापात कापून टाकू नका. आणि झेंडे एका रांगेत लावणार असाल तर तिरंगा रांगेच्या उजव्या टोकाला, म्हणजे समोरून पाहणाऱ्या मुलांना डावीकडचा पहिला. बाकीचे देश त्यांच्या इंग्रजी नावांच्या अक्षरक्रमाने. भिंतीवर उभा लटकवलात तर केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला यायला हवा.